काँक्रिटची एक ओळ

पुनर्विकासाच्या कराराच्या मसुद्याला शेवटी एक जोडपत्र असतं. सगळे त्याला 'अ‍ॅमेनिटीज' म्हणतात. लालबागच्या आमच्या चाळीत तो मसुदा आला, तेव्हा बाकीची पानं कुणी वाचली असतील-नसतील, हे जोडपत्र मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून सगळ्यांना पाठ झालं होतं. नळ कोणत्या कंपनीचे, टाइल्स दोन बाय दोनच्या की चार बाय दोनच्या, ओट्याला ग्रॅनाइट की दुसरं काही, लिफ्ट कुणाची. एकट्या नळांना चार ओळी होत्या. ते नळ, तो ओटा आणि आम्ही सगळे पुढची साठ-सत्तर वर्षं ज्याच्या जिवावर उभे राहणार, त्याला एक ओळ होती : 'आरसीसी फ्रेम स्ट्रक्चर, संबंधित आयएस कोडनुसार.'

मी सिव्हिलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये गेलेला माणूस आहे. माझ्या बॅचमधले बरेच जण तसेच. चार वर्षं लॅबमध्ये काँक्रिटचे क्यूब फोडले आणि कॅम्पसला जी आयटी कंपनी आली तिच्यात गेलो. कामावर आम्ही डीफॉल्ट सेटिंग काय ठेवायचं यावर तासन्‌तास भांडतो, कारण वापरणाऱ्यांपैकी बहुतेक जण ते कधीच बदलत नाहीत हे ठाऊक असतं. ही एक ओळसुद्धा डीफॉल्टच होती. तिच्यावर मात्र कुणीच भांडत नव्हतं.

मला त्या ओळीत दोन गोष्टी दिसत होत्या. एक, आमची इमारत किती टिकणार. दुसरी, ती बांधताना हवेत किती कार्बन जाणार. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात असतील असं मला आधी वाटत होतं. कॉलेजची वह्या-पुस्तकं पुन्हा काढली, तेव्हा चित्र वेगळं निघालं.

काँक्रिट म्हणजे खडी, रेती, पाणी आणि सिमेंट. वजनात सिमेंट साधारण सहावा हिस्सा, पण कार्बनचा बहुतेक हिशेब त्याच्याच नावावर. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवतात. तापल्यावर तिच्यातला चुना मागे राहतो आणि कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो. भट्टी कोळशावर चालवा नाहीतर उद्या सौरऊर्जेवर, हे ४४ किलो जाणारच, कारण ते इंधनातून येत नाहीत, दगडातूनच येतात. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या खड्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकर थोड्या जिप्समबरोबर दळलं की झालं साधं पोर्टलँड सिमेंट, म्हणजे ओपीसी. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंट उद्योगातून येतो.

टक्केवारीने डोक्यात काही उजेड पडत नाही, म्हणून मी मिक्सर मोजायला लागलो. रात्री उशिरा डॉ. आंबेडकर रोडवरून ते गोल पोट फिरवत जाणारे ट्रान्झिट मिक्सर लालबाग-परळच्या माणसाला नवे नाहीत. एकात साधारण सहा घनमीटर काँक्रिट मावतं. उंच इमारतीच्या काँक्रिटमध्ये घनमीटरला ४०० किलोच्या आसपास सिमेंट धरलं, तर एका मिक्सरमध्ये २४०० किलो झालं, म्हणजे ४८ गोण्या. ते सगळं ओपीसी असेल तर त्यामागे जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. भारतात एका माणसामागे वर्षाला निघणारा कार्बन डायऑक्साइडही सरासरी तेवढाच, दोन टनांच्या आसपास. सिग्नलला थांबलेल्या प्रत्येक मिक्सरच्या पोटात एका माणसाचं एक वर्ष फिरत असतं, असं मला तेव्हापासून दिसायला लागलं.

गंमत म्हणजे हा कार्बन मुंबईच्या खात्यावर पडतच नाही. महापालिकेने मार्च २०२२मध्ये 'मुंबई वातावरण कृती आराखडा' जाहीर केला, २०५०पर्यंत नेट झिरोचं उद्दिष्ट ठेवलं. त्यातला शहराचा हिशेब तीन रकान्यांत आहे : ऊर्जा, वाहतूक आणि कचरा. सिमेंट तिथे नाही, कारण भट्ट्या इथे नाहीत. त्या चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर-आवारपूरकडे आहेत, किंवा आणखी लांब. डोंगर तिथला पोखरला जातो, धुराडं तिथलं, आणि टॉवर आमचा. शहर म्हणून आपला आकडा कमी दिसतो, पण गडचांदूरच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

यावर उपाय नवा नाही आणि लांबही नाही. पेण म्हटलं की लालबागच्या माणसाला गणपती आठवतात. त्याच पेण तालुक्यात डोलवीला मोठा पोलाद कारखाना आहे. झोतभट्टीत लोखंड वितळवताना वर मळी येते, तिला स्लॅग म्हणतात. तापलेली मळी पाण्याच्या झोताने एकदम थंड केली की तिचे काचेसारखे दाणे होतात. ते बारीक दळले की मिळते ती जीजीबीएस, पांढुरकी पूड. काँक्रिटमध्ये सिमेंटच्या संगतीत ती स्वतःही घट्ट होते. चुनखडी जाळायची गरज नाही, त्यामुळे तिचा कार्बन सिमेंटच्या मानाने अगदी थोडा. दुसरी वस्तू म्हणजे फ्लाय अ‍ॅश, कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांची राख. तीही नाशिकजवळच्या एकलहऱ्याला आणि डहाणूला निघते. ४८ गोण्यांपैकी निम्म्या जागी स्लॅग घातली, तर त्या मिक्सरमागचे दोन टन सव्वा टनाच्या आत येतात.

आणि हे सगळं कोडमध्ये बसतं. आयएस ४५५ या मानकानुसार स्लॅग सिमेंटमध्ये स्लॅग ७० टक्क्यांपर्यंत चालते. आयएस १४८९नुसार पीपीसीमध्ये फ्लाय अ‍ॅश ३५ टक्क्यांपर्यंत. काँक्रिटचा मूळ कोड आयएस ४५६, तोही या मर्यादांत ही पूड सिमेंटच्या हिशेबात धरू देतो. म्हणजे जोडपत्रातली ती एक ओळ खरीच होती. 'आयएस कोडनुसार' या शब्दांत शून्य टक्के स्लॅगही बसते आणि सत्तर टक्केही. अडचण तीच होती.

मुंबईत स्लॅगचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तो कार्बनपेक्षाही मोठा आहे. समुद्राच्या हवेतलं मीठ काँक्रिटच्या बारीक छिद्रांतून आत झिरपतं, सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रिट फोडते. छताचे पोपडे पडून आतली तपकिरी सळई दिसते, हे दृश्य इथे प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेलं आहे. स्लॅगचं काँक्रिट नीट मुरलं की आतून जास्त दाट होतं, मीठ त्यात फार हळू शिरतं.

इमारत किती टिकते हा कार्बनचाच हिशेब आहे. नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या, २०७ इमारती, आरसीसीच्या. अनेक पिढ्या त्यांत राहिल्या. वरळीला ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा जुन्या इमारती शंभरीला आल्या होत्या. त्याउलट म्हाडाने जुन्या उपकरप्राप्त चाळींच्या जागी पुढच्या काळात बांधलेल्या ३८८ पुनर्रचित इमारती आता स्वतःच पुनर्विकासाच्या रांगेत उभ्या आहेत. कारणं पुष्कळ आहेत, एकट्या सिमेंटवर खापर फोडता येणार नाही. पण ज्या जागी एकदाच बांधायचं तिथे दोनदा बांधावं लागलं, तर कार्बनही दोनदा जातो.

एवढं सगळं घेऊन मी एका रविवारी भाडेकरूंच्या सभेत उभा राहिलो. पाचव्या मिनिटाला मागून आवाज आला, "म्हणजे सिमेंटच्या जागी राख घालायची? अरे, याला आम्ही भेसळ म्हणतो!"

सगळे हसले. पण प्रश्न बरोबर होता. दुधात पाणी आणि मिरचीपुडीत विटेची पूड पाहिलेल्या माणसाला 'निम्मं सिमेंट काढून दुसरी स्वस्त पूड घालू' असं सांगितलं, तर त्याने दुसरं काय म्हणावं? मी म्हटलं, गावच्या घराला स्लॅब घातला तेव्हा आणलेली गोणी आठवा, तिच्यावर पीपीसी लिहिलेलं असेल. तिच्यात राख होती, फक्त कारखान्याने घातलेली आणि मोजलेली. विकासकाच्या इंजिनियरने मध्येच सांगून टाकलं, "आम्ही तसंही स्लॅग वापरतोच की. ओपीसीपेक्षा स्वस्त पडते."

यावर एक काकू म्हणाल्या, "मग हा एवढं भाषण कशाला देतोय?"

मला वाटतं, त्या दिवशीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता. स्लॅग तशीही पडणारच असेल, तर ती लिहून घ्यायची कशाला?

कारण न लिहिता पडली तर किती पडली ते कळत नाही. आज प्लांटवर स्लॅगचा भाव उतरला म्हणून साठ टक्के, उद्या माल आला नाही म्हणून दहा. स्लॅगचं काँक्रिट सावकाश ताकद धरतं, त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. कोडमध्ये साध्या सिमेंटला किमान सात दिवस सांगितलेत, अशा मिश्रणाला किमान दहा. मिश्रण काय आहे हेच साइटवरच्या माणसाला माहीत नसेल, तर तो सातव्या दिवशी गोणपाट उचलणार. मग जे काँक्रिट मिठाला जास्त अडवणार होतं, तेच वरून भुसभुशीत राहणार. स्लॅग तीच, प्रमाणही तेच. लिहून, मोजून आणि तपासून घातली तर ते मिश्रण. गुपचूप घातली तर काकांचा शब्द खरा, भेसळ. लो-कार्बन काँक्रिट हे नाव ऐकून प्रयोगशाळेतलं काहीतरी भारी डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात त्यातला अवघड भाग कागदावरचा असतो.

हे लोकांना पटत चाललं होतं. तेवढ्यात नाना उठले.

नाना आमच्या मजल्यावरचे, वय अठ्ठ्याहत्तर. परळच्या एका मिलमध्ये साचे चालवायचे, संपात नोकरी गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "सावकाश म्हणजे किती सावकाश?"

मी सांगितलं, काँक्रिटची ताकद एरवी २८ दिवसांनी तपासतात, याची ५६ दिवसांनी तपासावी लागेल.

नाना म्हणाले, "थांबा म्हणणाऱ्यांचं मी एकदा ऐकलंय. ब्याऐंशी साली. अजून थांबलोय."

सभेत कुणी बोललं नाही. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, हे या वस्तीत पुस्तकातून वाचावं लागत नाही. आणि नानांचा हिशेब काही भावनेचा नव्हता. पुनर्विकासात प्रत्येक महिना कुणाच्या तरी भाड्याचा असतो. आईबाबा आता डोंबिवलीला भाड्याच्या घरात राहतात. बाबांना अजून परळला कामावर यायला सकाळी ६:४०ची लोकल पकडावी लागते. ज्याच्या नशिबात इमारतीची सत्तर वर्षं नाहीत, त्याला टिकाऊपणाचं कौतुक सांगून काय उपयोग? त्याच्याकडे जे थोडं आहे तेच मी मागत होतो.

म्हणून पुढचे दोन आठवडे मी आणि आमच्या पीएमसीचे आरसीसी कन्सल्टंट एकाच प्रश्नावर बसलो : उशीर नेमका कुठे होतो? उत्तर निघालं ते असं. इमारतीच्या सगळ्या काँक्रिटला सारखी घाई नसते. तळाशी राफ्ट असतं, जमिनीखालची जाडजूड काँक्रिटची गादी. त्यावर इमारतीचा पूर्ण भार यायला वर्ष-दीड वर्ष जातं. ते २८ दिवसांत तयार झालं काय आणि ५६ दिवसांत झालं काय, वरचं काम अडत नाही. उलट तिथे स्लॅगची गरजच असते. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं. इतक्या जाड गादीच्या पोटात तापमान सत्तर अंशांच्या वर गेलं, तर पुढे तडे जायची भीती, म्हणून उन्हाळ्यात असं काँक्रिट बर्फ घालून ओततात. स्लॅग असली की ही उष्णता कमी निघते. खालच्या मजल्यांचे खांब आणि तळघराच्या भिंतींनाही फार घाई नसते.

घाई असते ती स्लॅबला. शटरिंग काढून वरच्या मजल्याला लावलं की पुढचं काम. तिथे निम्मी स्लॅग घातली तर प्रत्येक मजल्यावर दोन-तीन दिवस जातील, आणि मजले मोजले की नाना बरोबर ठरतील.

म्हणून एका ओळीच्या जागी आम्ही अर्धं पान लिहिलं. राफ्ट, तळघर आणि खालचे खांब यांत निम्मी स्लॅग, ताकद ५६ दिवसांनी मोजायची. स्लॅबमध्ये तीस टक्क्यांपर्यंत, शटरिंग दिवस मोजून काढायचं नाही, क्यूब फोडून ताकद बघून काढायचं. पाणी किमान दहा दिवस. प्रत्येक मिश्रणाचं डिझाइन आणि प्रत्येक क्यूबचा रिपोर्ट भाडेकरूंच्या समितीला. कन्सल्टंटच्या अंदाजाने सगळ्या कामात मिळून दोन आठवडे वाढत होते. सभेने पुन्हा मत घेतलं. नानांनी हात वर केला, पण आधी विचारून घेतलं, "दोन म्हणजे दोनच ना?"

सगळं मनासारखं झालं असं नाही. घरांच्या खाली गाड्यांसाठी पोडियमचे मजले येतातच, ते कमी करायचं मी सुचवून पाहिलं. आमच्यातल्या बहुतेकांकडे गाडी नाही. पण पार्किंगचे नियम आणि विक्रीची घरं यांच्यापुढे ती सूचना टिकली नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. स्लॅगचा साठा अमर्याद नाही. जेवढं लोखंड वितळेल तेवढीच ती मिळणार, आणि तिला गिऱ्हाइकं आत्ताच भरपूर आहेत. आम्ही जास्त घेतली तर दुसरीकडे कुणाला तरी कमी पडेल, असंही होऊ शकतं. वीजकेंद्रं कोळशावरून उतरली तर राखही आटेल. म्हणून आता नजर आहे ती एलसी-३ नावाच्या सिमेंटवर. त्यात क्लिंकर निम्मंच असतं. बाकी भाजलेली माती साधारण तीस टक्के, न भाजलेल्या चुनखडीची पूड पंधरा टक्के आणि थोडं जिप्सम. माती सात-आठशे अंशांवर भाजली तरी पुरते, आणि मातीतून दगडासारखा कार्बन सुटत नाही. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल संस्थेतल्या कॅरेन स्क्रिव्हनर यांच्याबरोबर आयआयटी दिल्ली आणि आयआयटी मद्रास यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. २०२३मध्ये त्याला भारतीय मानकही मिळालं, आयएस १८१८९.

भाजलेली माती हे वाचून मला गिरगावातल्या मावशीची चाळ आठवली. ती पाडताना मी बघायला गेलो होतो. सागवानी खांब काढून झाले होते आणि मधली विटांची भिंत उभी चिरलेली होती. विटांमधला दर्जा गुलाबीसर दिसत होता. तो चुना आणि सुरखी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, चुन्याबरोबर घाणीत मळलेली. आपल्याकडे पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला तो १९१४मध्ये. त्याआधीचे वाडे, देवळं, चाळी याच मिश्रणावर उभ्या राहिल्या. भाजलेली माती चुन्याशी मिळून घट्ट होते हे त्या गवंड्यांना ठाऊक होतं. सुरखीने चाळीस मजले उभे राहत नाहीत हे खरं. पण 'सिमेंटमध्ये माती' ऐकून पुढच्या सभेत कुणी भेसळ म्हणालं, तर काय सांगायचं ते मला आता माहीत आहे.

ही वस्ती वस्तूंबद्दल बोलू शकते, याची मला खात्री आहे. गणपती शाडूचा की पीओपीचा यावर लालबागमध्ये शाळेतली पोरंही वाद घालतात. कोणती माती कुठून येते, विसर्जनानंतर तिचं काय होतं, हे त्यांना पाठ आहे. मग आपण ज्यात झोपणार त्या भिंतींबद्दलच गप्प का बसावं? तुमच्याकडे मसुदा आला असेल तर तीन गोष्टी विचारा. सिमेंटच्या जागी काय आणि किती घालणार? ताकद कितव्या दिवशी मोजणार? रिपोर्ट आम्हाला कधी देणार? तिन्हींची उत्तरं लेखी घ्या. नळाची कंपनी नंतर बदलता येते.

आमचं राफ्ट मागच्या हिवाळ्यात ओतलं. एम ४० काँक्रिट, म्हणजे ताकद ४० हवी. सातव्या दिवशी क्यूब २१वर फुटला आणि चाळीच्या ग्रुपवर हाहाकार उडाला. नापास झाला, आता तोडणार का, इथपर्यंत गोष्ट गेली. अठ्ठाविसाव्या दिवशी ३९ आले. तेव्हाही अर्धे लोक नाराज, एका मार्काने गेला म्हणून. छप्पन्नाव्या दिवशी ४८ आले. मी रिपोर्टचा फोटो टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला. रात्री नानांचा व्हॉइस मेसेज आला. त्यात आकड्याबद्दल काही नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, "पहिला स्लॅब कितीला?"

मी तारीख पाठवली. त्यांनी ती ग्रुपवर पिन करायला सांगितली आहे.